पहिला ‘दमलो’ कोणी म्हणायचं?

डोंगरात पाय घसरला तर माणूस ओरडतो. जळू चिकटली तर सगळ्यांना दाखवतो, तहान लागली तर दुसऱ्याची बाटली हक्कानं मागतो. दमल्याचं मात्र सांगत नाही. मित्रांमध्ये तर नाहीच नाही. दम लागला की तो बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधतो, मोबाइल काढून दरीचा फोटो घेतो, ‘जरा पाऊस बघूया की’ म्हणतो. सोबतचे चार जणही मनातून थांबायलाच टेकलेले असतात. तेही पाऊस बघतात, आणि कोणी काही न बोलता सगळे पुन्हा चालू लागतात.

जुलै लागला की आमच्या भागातली माणसं पन्हाळा ते पावनखिंड चालायला निघतात, म्हणून आज सकाळी या विषयावर बोलावंसं वाटलं. कोल्हापूर, सांगली, साताऱ्याकडून गटागटानं लोक येतात. भगवे झेंडे, पाठीवर पिशव्या, अंगावर प्लास्टिकचे कागद. इस्लामपूरहून वारणा ओलांडली की वारणानगर, कोडोली आणि मग पन्हाळा. सकाळी लवकर घर सोडलं तर नाश्त्याला गडावर. अंतर एवढं थोडं असल्यामुळे ही वाट आपल्या अंगणातलीच वाटते, आणि फसगत तिथूनच सुरू होते.

इस्लामपूरच्या माणसाला डोंगर परका नाही. येडेनिपाणीच्या वर मल्लिकार्जुनाचा डोंगर आहे, त्यालाच विलासगड म्हणतात. उत्तरेला मच्छिंद्रगड आहे. श्रावणातल्या सोमवारी सकाळी निघावं, देवाला पाणी घालावं, वर वाऱ्यात थोडं बसावं आणि दुपारच्या जेवणाला घरी यावं, असे हे डोंगर. ते चढता येतात म्हणजे आपल्याला डोंगर येतो, असा आमचा समज असतो. शिवाय पावनखिंडीच्या वाटेवर म्हणण्यासारखा उंच गड चढायचा नाही. पन्नासेक किलोमीटर चालायचं, तेही दोन दिवसांत. आम्ही शाळासोबती, पन्नाशीला आलेले, या वाटेनं निघालो तेव्हा आम्हाला हे अवघड वाटलं नव्हतं.

पण इथं वाट सारखी वरखाली होते. पन्हाळ्यावरून उतरायचं, पुन्हा चढून मसाई पठारावर यायचं. पठारावर धुकं इतकं दाट की पुढच्याचा रेनकोट दहा पावलांवर दिसेनासा होतो, आणि वारा अंगावरचा प्लास्टिकचा कागद फाडून नेतो. पठार संपलं की उतार, ओढा, भाताची खाचरं, बांध, पुन्हा चढ. खोतवाडी, मांडलाईवाडी, करपेवाडी. दुसऱ्या दिवशी पाटेवाडी, सुकामाचा धनगरवाडा, पांढरपाणी, आणि मग खिंड. गावांची नावं वाचताना वाटतं, जवळजवळच तर आहेत. तांबड्या चिखलात पाय घोट्यापर्यंत रुततो, बूट आतच राहायला बघतो आणि प्रत्येक पाऊल दोनदा टाकावं लागतं.

विल्यम नाइस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकानं १८९२ साली डोंगरात लागणाऱ्या वेळाचा एक ठोकताळा सांगितला होता. साधारण पाच किलोमीटरला एक तास, आणि दर सहाशे मीटर चढाईला आणखी एक तास. जगभरचे लोक आजही तो वापरतात. त्या हिशेबात विश्रांती धरलेली नाही, चिखल नाही, आणि आषाढातला आपल्याकडचा पाऊस तर नाहीच. उताराचंही एक वेगळंच असतं. उतरताना सोपं वाटतं, कारण छाती धपापत नाही. पण प्रत्येक पावलाला शरीराचं वजन पेलत मांडीचे स्नायू ब्रेकचं काम करत असतात, आकसताना ताणले जात असतात. त्यांची इजा लगेच कळत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिना उतरताना कळते.

पावसात आणखी एक गोष्ट घडते. गारव्यामुळे तहान लागत नाही, म्हणून माणूस पाणी पीत नाही. घाम तर आतल्या आत येतच असतो. ओले कपडे आणि वारा मिळून अंगातली ऊब ओढून घेतात. बर्फच लागतं असं नाही, आपल्या जुलैच्या पावसातही अंग गार पडू शकतं. आधी बोटं बधिर होतात, मग पाय अडखळतात, बोलणं जड होतं. आणि यातला सगळ्यात काळजी करण्यासारखा भाग असा की ज्याला हे होतं त्याला ते कळत नाही. तो म्हणतो, मी ठीक आहे. खोटं बोलावं असं त्याच्या मनात नसतं. त्याला खरंच तसं वाटत असतं.

आमच्यात एक जण तालमीतला आहे. तरुणपणी लाल मातीत घुमलेला, आजही आमच्यात सगळ्यात धिप्पाड. वाटेत ज्याला ओझं झालं त्याची पिशवी तो न मागता आपल्या खांद्यावर घेई. मसाई पठार उतरल्यावर त्याच्या पाठीवर स्वतःची धरून तीन पिशव्या होत्या. सकाळभर तो सगळ्यांना हसवत होता. खोतवाडीच्या पुढे तो गप्प झाला.

“दमलास काय रं?”

“न्हाय, काय न्हाय. तू चाल.”

विचारणाऱ्यानं विचारलं, त्यानं उत्तर दिलं, आणि आम्ही चाललो. आपल्याकडे या प्रश्नाचं दुसरं उत्तर असतच नाही. प्रश्नाच्या सुरातच डिवचणं असतं, मग उत्तर नकाराचंच येतं. कृष्णा-वारणेच्या या पट्ट्यात मुलगा वयात येतो तो जोर-बैठकांचे आकडे ऐकत. किती मारल्या याला मान आहे, कुठे थांबला याला नाही. तालमीतला वस्ताद मात्र असा नसतो. पोराच्या बरगड्या कशा वरखाली होतात यावर त्याचं बारीक लक्ष असतं. पोरगं ‘अजून’ म्हणत असताना ‘बस’ म्हणणारा तो असतो. तालीम सुटते, वस्ताद मागे राहतो, आणि ‘अजून’ म्हणायची सवय तेवढी आयुष्यभर सोबत येते.

मांडलाईवाडीच्या अलीकडे एक ओढा लागला. पाणी गुडघ्याला होतं, पण ओढ होती. ओढा पार करून सगळे वर आले आणि आमच्यातले मास्तर, अंगानं सगळ्यात किरकोळ, एका दगडावर बसले आणि मोठ्यानं म्हणाले, “मी दमलो. मला बसायचंय. चहा असला तर काढा, नाहीतर मी इथून हलत नाही.”

सगळे बसले. एवढ्या पटकन बसले की प्रत्येक जण त्याच वाक्याची वाट बघत होता हे उघड झालं. थर्मास निघाला, गूळ-शेंगदाण्याची पुडी निघाली. आमचा पैलवानही बसला आणि पिशवीचा बंद सोडायला लागला. तो त्याला सुटेना. बोटं वळतच नव्हती. हात हातात घेतला तर बर्फासारखा गार. ओठ निळसर पडले होते. ओला शर्ट काढला, मास्तरांनी आपला कोरडा स्वेटर त्याच्या अंगात घातला. तो कोपरापर्यंतच आला, पण आला. दोघं त्याला चिकटून बसले. गरम चहा घोट-घोट पाजला. अर्ध्या तासानं त्याच्या चेहऱ्यावर रंग आला. पिशव्या वाटून घेतल्या आणि सावकाश, त्याला मधे ठेवून, अंधारायच्या आत करपेवाडी गाठली.

रात्री तिथल्या एका घरात चुलीपुढे कपडे वाळवत बसलो असताना मास्तरांनी सांगितलं की ते काही फारसे दमले नव्हते. ओढा उतरताना त्यांनी मागे वळून बघितलं होतं. पैलवान ज्या दगडावर पाय ठेवायचा तो सोडून शेजारी ठेवत होता. त्याला ‘दमलास का’ विचारून उपयोग नाही हे त्यांना तीस वर्षं वर्गात उभं राहून माहीत होतं. पोराला समजलं नाही तर ते ‘समजलं का’ला ‘हो’ म्हणतं. म्हणून मास्तरांनी त्याचा थकवा आपल्या नावावर घेतला.

तेव्हापासून मी या गोष्टीचा पुष्कळ विचार केला आहे. माणसानं आपण दमलो हे सांगायला शिकावं, असं आपण सहज म्हणतो. पण जो सगळ्यात जास्त दमलेला असतो तो ते सांगण्याच्या पलीकडे गेलेला असतो. मग ते दुसऱ्या कोणी तरी म्हणायचं. ज्याच्या अंगात अजून थोडा जोर शिल्लक आहे त्यानं. आणि त्यासाठी मागे वळून बघायला हवं.

ज्या वाटेवर आम्ही होतो त्या वाटेवरून १२ जुलै १६६० च्या रात्री, आषाढी पौर्णिमेला, शिवाजी महाराज निघाले होते. मार्चपासून पन्हाळ्याला सिद्दी जौहरचा वेढा पडलेला. एका पालखीत महाराज, दुसऱ्या पालखीत त्यांचा वेश घेतलेला नेबापूरचा शिवा काशीद. सोबत बाजीप्रभू देशपांडे आणि हिरडस मावळातले बांदलांचे मावळे, सगळे मिळून सहाशेच्या आसपास. शिवा काशीद पकडला गेला आणि त्यानं जीव दिला. दुसऱ्या दिवशी घोडखिंडीत, म्हणजे आजच्या पावनखिंडीत, बाजीप्रभू निम्मे लोक घेऊन उभे राहिले आणि महाराज विशाळगडाकडे गेले. खिंडीतला पराक्रम आपल्याला लहानपणापासून पाठ आहे, आणि तो पाठ असलाच पाहिजे. त्या चिखलातून एकदा चालल्यावर मला मात्र आदल्या रात्रीचे पालखी वाहणारे जास्त आठवतात. इतिहासानं त्यांची नावं ठेवली नाहीत. आमच्या पाठीवर दोन कपडे आणि भाकरी होती, वाट दिवसाची होती, मागे शत्रू नव्हता. त्यांच्या खांद्यावर पालखी, वर पाऊस, पायाखाली हीच तांबडी माती, आणि ढगाआडून येईल तेवढा चंद्र.

पालखी रात्रभर पळवायची तर खांदे बदलावेच लागतात. कोणताही भोई कितीही तगडा असो, ते एकाच चमूचं काम नाही. खांदा बदलायचा तर एकानं आपला खांदा भरून आल्याचं कळू द्यावं लागतं आणि दुसऱ्यानं न बोलता आत शिरावं लागतं. त्यात कमीपणा मानणारा एक जण जरी असता आणि वेळ टळून गेल्यावर गुडघ्यावर बसला असता, तरी पालखी चिखलात गेली असती. स्वराज्य त्या रात्री जितकं तलवारीवर तोललं होतं तितकंच या देवाणघेवाणीवर तोललं होतं, असं मला मनापासून वाटतं.

याच आषाढात दुसरी एक पालखी चालत असते. आळंदीहून निघालेला माउलींचा सोहळा अडीचशे किलोमीटरच्या आसपास चालून पंढरीला पोचतो. सातारा जिल्ह्यातल्या आरफळचे हैबतरावबाबा, पूर्वी शिंद्यांच्या पदरी असलेले, यांनी एकोणिसाव्या शतकात या सोहळ्याला आजची शिस्त लावून दिली. दिंड्यांचा क्रम, मुक्काम, आणि विसावे. सकाळचा विसावा कुठे, दुपारचा कुठे, हे ठरलेलं आहे. सत्तरीची आजी आणि विशीतला टाळकरी एकाच झाडाखाली टेकतात. आजीला कोणाला सांगावं लागत नाही की बाबांनो, माझे पाय दुखतात. टाळकऱ्यालाही कबूल करावं लागत नाही. विसावा आला, सगळे बसले. लष्करातून आलेल्या माणसाला हे ठाऊक असणारच, की थांबण्याची जागा आधी ठरवली नाही तर दमलेला माणूस ती कधीच मागणार नाही. वारी लाखोंना पेलते त्यामागे भक्ती आहेच. त्या भक्तीला जपणारी ही साधी व्यवस्थाही आहे.

मित्रांच्या टोळक्यात अशी व्यवस्था नसते. तिथं पुढचा ठरवतो, आणि पुढे तोच असतो जो दमलेला नाही. तो एका वळणावर थांबतो, मागचे धापा टाकत पोचतात, आणि ते पोचले की त्याची विश्रांती झालेली असल्यामुळे तो उठतो. म्हणजे ज्याला गरज नव्हती त्याला बसायला मिळतं आणि ज्याला होती त्याला नाही. घरात, कचेरीत, शेतातही मी हाच हिशेब चाललेला बघतो.

आणि काही माणसांना तर दमलो म्हणण्याची मुभाच नसते. आमच्या तालुक्यात गाळपाचा हंगाम सुरू झाला की ऊसतोडीच्या टोळ्या येतात, बऱ्याचशा बीडकडून. नवरा-बायको मिळून एक कोयता. पहाटेच्या थंडीत फडात उतरायचं, तोडायचं, मोळ्या बांधायच्या, डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढायचं. मसाई पठार आम्ही हौसेनं चढलो. ती फळी त्या बायका दिवसातून कितीदा चढतात ते मोजायला कोणी बसलेलं नसतं. एक दिवस अंग मोडून आलं, बसून राहिलं, तर खाडा. खाड्याचे पैसे कापले जातात, उचल फिटायची राहते. पाळीच्या दिवसांतही खाडा नको म्हणून बीडकडच्या कितीतरी बायकांनी ऐन तरुणपणी गर्भाशय काढून टाकल्याचं २०१९ साली महाराष्ट्रानं वाचलं. त्यावर समिती बसली, अधिवेशनात चर्चा झाली. आपल्या चहातली साखर त्या वाटेनं येते. इथं ‘तिनं सांगायला हवं होतं’ म्हणणं क्रूरपणा आहे. तिच्या वतीनं दुसऱ्या कोणी तरी बसकण मारायला हवी होती. मुकादमानं, कारखान्यानं, नाहीतर ज्यांच्या बांधावर तो फड होता त्या आमच्यासारख्यांनी. ती अजूनही मारायची आहे.

करपेवाडीच्या त्या रात्रीकडे वळतो. बाहेर पाऊस कोसळत होता. घरच्या मावशींनी नाचणीची भाकरी आणि झणझणीत पिठलं वाढलं. जेवणं झाली, कोणी आडवं झालं, कोणी पायाला तेल चोळत होतं. मास्तरांचं बोलणं ऐकून पैलवान बराच वेळ चुलीतल्या निखाऱ्यांकडे बघत राहिला. मग म्हणाला, “व्हय. मी लई दमलोय.”

आम्हाला वाटलं, चालण्याचं बोलतोय. तो आईबद्दल बोलत होता. दोन वर्षं ती अंथरुणाला खिळलेली. दिवसा बायको बघते, रात्री हा. दर दोन-तीन तासांनी कुशीवर वळवायचं, नाहीतर पाठीला जखमा होतात. कधी ती त्याला ओळखते, कधी त्याच्या वडलांच्या नावानं हाक मारते. सकाळी तो अंघोळ करून कामावर जातो. आम्ही सगळे एकाच गावात राहतो. आठवड्यातून एकदा तरी चहाच्या टपरीवर भेटतो. आई कशी आहे, हे आम्ही प्रत्येक वेळी विचारलं होतं, आणि ‘हाय की, बरी हाय’ हे उत्तर घेऊन घरी गेलो होतो.

तो रडला नाही. एकदा सुरू झाल्यावर मात्र थांबला नाही. औषधांचं, बहिणीशी झालेल्या बोलाचालीचं, ‘आता हिला सोडव’ असं एकदा देवाला म्हटलं त्याचं, आणि तसं म्हटल्यापासून देवळात जाता येत नाही त्याचं. दिवसभर त्यानं तीन पिशव्या उचलल्या होत्या. त्या आमच्या होत्या. त्याची स्वतःची कोणाला दिसलेलीच नव्हती. मास्तर मधे फक्त एवढंच म्हणाले, “रात्रीचं वळवायला किती जण लागतात?”

“एक पुरतो,” तो म्हणाला. “सवय पाहिजे.”

“सवय लागते,” मास्तर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी पांढरपाणीवरून खिंडीत उतरलो तेव्हा पाऊस उघडला होता. बाजीप्रभूंना, बांदलांना नमस्कार केला. चालणं संपलं, गाडी आली, सगळे गावी आलो. मांड्या चार दिवस बोलत होत्या.

त्यानंतरच्या आठवड्यात मास्तर त्याच्या घरी रात्री गेले. शनिवारी, कारण रविवारी शाळा नसते. पैलवानाच्या बायकोला आधी अवघडल्यासारखं झालं. पुरुषमाणूस, बाहेरचा, रात्रीचा. मग मास्तरांच्या पत्नीही जाऊ लागल्या, आणि त्या आल्या की आई त्यांच्याकडून वेणी घालून घेते. बुधवार माझ्याकडे आला. कुशीवर वळवताना एक हात खांद्याखाली आणि एक कमरेखाली घालायचा, चादर न सरकवता, हे मी शिकलो. एकदा तिनं मला दुसऱ्याच नावानं हाक मारली, आणि मी ‘ओ’ दिली. बहिणीला पैलवानानं स्वतः फोन केला. ती महिन्यातून एकदा दोन दिवस येते.

यंदा जुलैत पुन्हा पावनखिंडीला जायचं ठरतं आहे, आणि पैलवानही येणार आहे. विसावे कागदावर लिहून झालेत: मसाईच्या देवळाशी पहिला, खोतवाडीत दुसरा, ओढ्यापलीकडे तिसरा. सगळ्यात पुढे मास्तर चालतील. मुक्कामाच्या रात्री त्याच्या आईजवळ बहीण आणि माझी बायको बसतील. गाडी कोणाची न्यायची, एवढंच अजून ठरायचंय.